विहिरीवरच्या वेलीची वाइन

१

त्या शनिवारी सकाळी आप्पांनी चहावरून भांडण काढलं. चहात साखर नव्हती. डॉक्टरांनी ती कधीच बंद केली होती, तरी आप्पा रोज नव्याने नाराज व्हायचे.

"ह्याला चहा म्हणतात?"

"स्टेंट बसवलेल्या माणसाच्या चहाला हेच म्हणतात," मी म्हटलं.

"साखर उसातून येते. ऊस म्हणजे गवत. गवत खाऊन कोणी मेल्याचं ऐकलंयस का?"

अंजली आत्या ओट्याशी मेथी निवडत होती. ती आप्पांची धाकटी बहीण. नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेली. तिथे तिचं काम छापलेल्या नोटांचे ताव तपासण्याचं होतं. एखादी रेघ केसभर सरकली असेल तर तो ताव बाजूला काढायचा. निवृत्तीनंतर ती आम्हाला तपासत असे.

"गवताचं माहीत नाही," ती म्हणाली, "पण रोज पंचशील म्हणणारा माणूस दारूच्या मळ्यात राबताना मी पहिल्यांदाच बघतेय."

"वाइन, अंजू."

"तीच ती."

आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात कोणी दारूला शिवलेलं नाही. पाचवं शील आम्ही नुसतं म्हणत नाही, पाळतो. आप्पा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. एकदा विद्यार्थ्यांना घेऊन ते दिंडोरीच्या बाजूला गेले, तेव्हा कादवा नदीकाठच्या एका मळ्यात विहिरीच्या मांडवावर चढलेली एक म्हातारी वेल त्यांना दिसली. तिची पानं त्यांच्या ओळखीची नव्हती. पूर्वी कोणा पाद्र्याने प्रार्थनेच्या वाइनसाठी तिथे द्राक्षं लावली होती. पुढे मळा एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला, ती झाडं उपटून खायच्या द्राक्षांची बाग झाली. विहिरीवरची वेल तेवढी सावलीसाठी राहिली. आप्पांनी तिच्या काड्या आणल्या, कलमं बांधली आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्या मळ्याला दिली. आता तिथे जुन्या जातीचा एक पूर्ण तुकडा उभा होता आणि त्या फळाची पहिली वाइन एका टाकीत तयार झाली होती.

वाइन चाखणं हा त्या कामाचाच भाग होता. आप्पा घोट घेत, तोंडात फिरवत आणि थुंकून टाकत. चव जिभेला कळते, घशाला काही कळत नाही, असं ते म्हणायचे. वाइनच्या धंद्यात सगळेच असं थुंकतात, त्यामुळे तिथे कोणाला त्यात वेगळं काही वाटत नसे.

मी त्यांना मळ्यावर सोडलं. म्हसरूळ ओलांडल्यावर ते माझ्या गाडी चालवण्याबद्दल बोलू लागले आणि ढकांब्यापर्यंत बोलत राहिले. उतरताना त्यांनी छाटणीची कात्री शर्टाच्या खिशात खोचली.

"दुपारी मुंबईचे पाहुणे येणार आहेत. जुने वाइनचे मळे बघत फिरणारं मंडळ आहे. आज पहिल्यांदा बाटली फोडायची. थांबतेस?"

"कॉलेजात परीक्षा आहे, आप्पा."

"बरं." ते चार पावलं गेले आणि वळले. "येताना साखर आण."

संध्याकाळ व्हायच्या आत मळ्याचे मालक योगेश यांचा फोन आला. "ताई, लगेच निघा. सर कोसळलेत."

२

दिंडोरीच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा आप्पा होते. थोड्या वेळाने नव्हते.

मला दोन गोष्टी दिसल्या. त्यांचा चेहरा कपाळापासून गळ्यापर्यंत लालबुंद झाला होता, दिवसभर उन्हात उभं राहिल्यासारखा. आणि त्यांचा हात मी हातात घेतला तेव्हा नखांच्या कडांना लालसर रंग होता. वाइनचा असेल असं मला वाटलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी भराभर विचारलं, हृदयाचा त्रास कधीपासून, गोळ्या कुठल्या, दारू घेतात का.

"कधीच नाही," मी म्हटलं.

माझ्या मागे मळ्याचे मुकादम कोंडाजी उभे होते. त्यांनीच जीपमधून आप्पांना आणलं होतं. तेही म्हणाले, "सर पीत नाय, डॉक्टर."

हृदयविकाराचा झटका असं कागदावर आलं. त्यात कोणाला शंका येण्यासारखं काही नव्हतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे गेले, सतरंज्या परत गेल्या, आणि त्यानंतरच्या शनिवारी हर्षाली आमच्या दारात आली. ती मळ्यावर वाइन बनवायची. आप्पा तिला 'आमची केमिस्ट' म्हणायचे. तिने चप्पल काढली, पण आत आली नाही.

"ताई, सोमवारी सकाळी टाकी रिकामी करणार आहेत. सगळी वाइन नाल्यात."

"का?"

"लोक म्हणतात, ती वाइन पिऊन सर गेले. गावात म्हणतात, पाहुण्यांमध्येही कुजबुज आहे. योगेशदादा म्हणाले, सगळ्यांसमोर ओतून टाकू म्हणजे विषय संपेल. आणि..." ती थांबली. "त्या दिवशीची उघडलेली बाटली आणि सरांचा ग्लास चाखायच्या खोलीतून गायब झालाय. योगेशदादांचा माझ्यावर संशय आहे."

आप्पांची एवढ्या वर्षांची मेहनत त्या एका टाकीत होती. सोमवारी ती नाल्यात जाणार होती, आणि त्यानंतर त्यांच्या नावापुढे तेवढंच उरणार होतं: ज्या वाइनने माणूस मेला ती बनवणारा.

आत्या आतल्या खोलीतून बाहेर आली. तिने हर्षालीला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बाटली तूच नेलीस ना?"

हर्षालीने मान खाली घातली. "हो."

३

"आत ये," आत्या म्हणाली. "दारात उभं राहून असलं काही सांगायचं नसतं."

पाणी पिऊन झाल्यावर हर्षाली बोलली. वाइन टिकावी म्हणून तिच्यात थोडं गंधक घालतात. आप्पांनी ते कमीत कमी घालायला सांगितलं होतं, जुन्या जातीची खरी चव कळावी म्हणून. उन्हाळ्यात टाकीचा वास बदलतोय असं हर्षालीला वाटलं आणि तिने त्यांना न विचारता थोडं जास्त घातलं.

"त्यांचा चेहरा लाल झाला, श्वास लागला. काही लोकांना गंधक बाधतं, तसं झालं असं मला वाटलं. सगळे जीपकडे धावले तेव्हा मी बाटली आणि ग्लास पिशवीत टाकला."

"आणि कुठे ओतलीस?"

"ओतली नाही. घरी नेऊन प्यायले. उरलेली सगळी."

आत्याने विचारलं, "मरायला की तपासायला?"

"तेव्हा मला दोन्हीत फरक वाटत नव्हता, आत्याबाई." ती शांतपणे म्हणाली. "काही झालं नाही. झोप लागली फक्त. पाहुण्यांनाही काही झालं नव्हतं. वाइनमध्ये दोष नाही हे मला त्याच दिवशी कळलं. पण बाटलीच नाही, तर सांगू कशाच्या जोरावर?"

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. आप्पा गेल्यावर मी त्यांच्या चष्म्याची काच पुसत बसले होते. हिने निदान काहीतरी करून पाहिलं होतं.

आत्याने प्रेसमधली सवय बाहेर काढली. तिचे प्रश्न लहान असायचे आणि उत्तर येईपर्यंत ती पापणी हलवायची नाही.

"पाहुण्यांनी तीच बाटली प्यायली?"

"तीच. दुसरी उघडलीच नव्हती."

"आमच्या दादाने ग्लास स्वतः घेतला की कोणी दिला?"

"त्यांनीच रांगेतला एक उचलला."

"म्हणजे फक्त त्याच्या ग्लासात कोणी काही घातलं असंही नाही. बाटली एक, ग्लास कुठलाही, आणि त्रास एकालाच. मग फरक बाटलीत नाही. फरक दादात आहे."

"त्यांचं हृदय," मी म्हटलं.

"असेल. पण हृदय बंद पडताना माणूस पांढरा पडतो, रोहिणी. तुझ्या आईचं आठवतं ना? हा लाल का झाला?" ती हर्षालीकडे वळली. "त्या वाइनचा रंग कसा आहे?"

"पांढरी म्हणतात तिला. म्हणजे फिकट सोनेरी. वाळल्या गवतासारखी."

मी आत्याकडे पाहिलं. मला दवाखान्यातला तो हात आठवत होता.

"आत्या, आप्पांची नखं लाल होती. मला वाटलं, वाइनने."

"पांढऱ्या वाइनने?" आत्या म्हणाली.

४

रविवारी सकाळी आम्ही मळ्यावर गेलो. आत्या तिथे पहिल्यांदाच येत होती. एवढी वर्षं तिने यायचं टाळलं होतं. फाटकाशी उतरल्यावर तिने पदर खोचला आणि बँकेत पासबुक भरायला आलेल्या माणसासारखी चौफेर बघू लागली.

जुना दगडी तळघर असलेला बैठा बंगला, त्याच्या एका बाजूला टाक्यांची शेड, मागे विहीर. विहिरीवरच्या मांडवावर ती म्हातारी वेल, मनगटापेक्षा जाड. आणि तिच्या पलीकडे आप्पांचा तुकडा.

गोडी छाटणी नुकतीच होऊन गेलेली. फळासाठी ऑक्टोबरात करतात ती. वेलींवर पान नव्हतं. तारांना बांधलेल्या नुसत्या काड्या, आणि काड्यांवर जिथून कोंब फुटायचे ते डोळे. काहींतून हिरवं टोक डोकावत होतं.

आत्या एका वेलीपाशी वाकली. मग पुढच्या. मग तिने मला हात केला.

प्रत्येक डोळ्यावर लाल डाग होता. कुंकवाचं बोट टेकवल्यासारखा.

"हे काय?"

"पेस्ट," मागून आवाज आला. कोंडाजी आमच्या मागे उभे होते. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली. "डोळे एकदम फुटावं म्हणून औषध लावत्यात, बाई. रंग घालतो त्यात, म्हंजी कुठला डोळा राहिला ते दिसतं."

"ह्या तुकड्याला कोणी लावली?"

कोंडाजी विहिरीकडे बघू लागले.

"दादाने लावली," आत्याच म्हणाली. "आणि तुम्ही त्याचे हात धुतलेत. जीपमध्ये तुम्हीच होतात. बोटं धुतली गेली, नखं राहिली."

"जीपमधी धुतले," ते खाली बसत म्हणाले. "सरांनी आधी धुतले तरी रंग ऱ्हायला व्हता, बाटलीतलं पाणी व्हतं. मला वाटलं, पोलीस म्हणतील मुकादमानं म्हाताऱ्या माणसाला बिनमोज्याचं औषधात हात घालू दिला. ह्या तुकड्याला सर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. मोजे बायांला पुरले नाय, तर सरांनी सोताचे काढून भागीबाईला दिले. म्हणले, तुझं लेकरू अंगावर पितं, तू घाल. मी नाय म्हणलं. ऐकतात व्हय ते?"

"नाही," आत्या म्हणाली. "तो कधीच ऐकत नसे."

"मोजे नसले तर काय होतं?" मी विचारलं.

"तसं काय नाय होत, कातडी जळजळती. पण पेस्ट लावली का दोन-तीन दिस दारू घ्यायची नाय. घेतली का माणूस लालेलाल हुतो, छातीत धडधड, खाली बसतो. दर साली एखादा गडी संध्याकाळी जातोच गुत्त्यावर, आन् मग आम्ही त्याला उचलून आणतो. हे मळ्यात समद्यांला ठावं हाय. सरांना बी ठावं व्हतं."

"तुम्ही त्यांना आठवण करून दिलीत?"

"दिली की. हात धुवत व्हते तवाच म्हणलं, सर, आज त्या बाटलीपाशी जाऊ नका. तर हसले. म्हणले, कोंडाजी, मी पितो का कधी? थुंकतो." कोंडाजींनी टोपीची घडी घातली. "म्हणून म्या गप ऱ्हायलो. सर पीत नाय, हे मला देवळातल्या घंटेवानी पक्कं ठावं व्हतं, ताई."

दवाखान्यात मीही तेच सांगितलं होतं, तितक्याच खात्रीने.

आत्याने सुटकेचा निःश्वास सोडला. "मग हे नाही. रंग जुळतो, लाली जुळते, पण तो प्यायलाच नाही. घोटभर तोंडात फिरवून थुंकल्याने काही होत नसेल."

हर्षाली चाखायच्या खोलीच्या दाराशी उभी होती. ती आमचं बोलणं ऐकत होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "त्या दिवशी थुंकायचं भांडं टेबलावर नव्हतं."

५

भांडं सापडलं. खताच्या रिकाम्या गोण्यांखाली, कोठीत. पितळी, उंच गळ्याचं, आतून स्वच्छ.

योगेश ते पाहून आधी चिडले. ते चाळिशीचे, इस्त्रीच्या शर्टातले, मळ्यावर कमी आणि फोनवर जास्त.

"हो, मीच काढलं. त्यात गुन्हा काय? मुंबईचे लोक येणार, फोटो काढणार, ते मंडळ सगळीकडे लिहितं. जुना मळा, जुनी वेल, पहिली बाटली, आणि मधोमध थुंकदाणी? तुम्हीच सांगा, आत्या, दिसतं का बरं?"

"मला आत्या म्हणू नका. माझी एकच भाची आहे," आत्या म्हणाली. "दादाने सकाळी पेस्ट लावली हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. बायका असताना सर स्वतः लावतील असं कोणाला वाटेल?" ते बोलता बोलता खुर्चीत बसले. आमचा रोख त्यांच्या लक्षात आला होता. त्यांचा मघाचा आवाज उतरला. "म्हणजे भांडं नव्हतं म्हणून त्यांनी गिळली? पाहुण्यांसमोर थुंकायचं कसं म्हणून? माझ्यामुळे?"

हर्षाली खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, झालं, हेच उत्तर. एक माणूस संकोचाने मेला आणि दुसऱ्याने फोटोसाठी एक भांडं हलवलं. तरी ते मला पटत नव्हतं. आप्पांना संकोच वाटलेला मी पाहिला नव्हता. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याला भाजीत मीठ कमी आहे असं सांगत.

"त्यांनी फोटो काढले ना? चित्रफीत नाही काढली?" आत्याने विचारलं.

एका पाहुण्याने योगेशना व्हिडिओ पाठवला होता. त्यांनी तो आजवर पाहायचं टाळलं होतं. आता त्यांनी फोन आत्यासमोर ठेवला.

मी आप्पांचा आवाज ऐकला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. ते पाहुण्यांना वेलीबद्दल सांगत होते. हात पाठीमागे, वर्गात बांधायचे तसे. हर्षालीने बाटली उघडली. आप्पांनी रांगेतला ग्लास उचलला, हुंगला, घोट घेतला. टेबलावर इकडेतिकडे पाहिलं. मग ते पाठ वळवून खिडकीशी गेले, वाकले आणि परत आले.

"इथेच त्यांना खोकला आला," योगेश म्हणाले. "तेव्हाच सुरुवात झाली असणार."

आत्याने तो भाग पुन्हा लावला. पुन्हा. मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून.

"खांदे हलले नाहीत. खोकताना खांदे हलतात. तो थुंकला. खिडकीतून, झुडपात." तिने योगेशकडे पाहिलं. "तुमचं भांडं नसलं तरी त्याचं काही अडलं नाही. तो वर्षानुवर्षं थुंकत आलाय, त्याला जागा सापडते."

योगेशनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

"मग ते प्यायलेच नाहीत," हर्षाली म्हणाली. "म्हणजे पेस्टही नाही. म्हणजे पुन्हा माझं गंधक."

"थांब. संपलं नाही अजून."

व्हिडिओत आप्पा टेबलाशी परत आले होते. पाहुणे आपापसांत बोलत होते, कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. त्यांनी ग्लास उजेडात धरला. बराच वेळ धरला. दुसरा घोट घेतला. ह्या वेळी ते खिडकीकडे गेले नाहीत. ग्लास खाली ठेवून ते तसेच उभे राहिले, डोळे मिटून.

आत्याने चित्र मोठं केलं. त्यांचा गळा पडद्यावर आला. तिने एकदा पाहिलं. तेवढं तिला पुरलं.

"कंठ हलला," ती म्हणाली.

पुढे आप्पांनी ग्लास हर्षालीसमोर धरला. तिने पाहुण्यांशी बोलता बोलता, त्यांच्याकडे न बघताच तो भरला. तीही ते प्यायले, सावकाश, शेवटपर्यंत.

आत्याने फोन टेबलावर पालथा ठेवला.

६

परतताना म्हसरूळपाशी मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून दिंडोरीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि विचारलं.

"पेस्ट आणि त्यावर दारू? शक्य आहे. त्यात त्यांचं हृदय आधीच अधू. ऑक्टोबरात आमच्याकडे असे पेशंट येतात, बहुतेक बरे होऊन जातात. आता सिद्ध करता येणार नाही, पण सगळं जुळतंय." मग ते म्हणाले, "पण मॅडम, मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, कधीच नाही."

"मला माहीत होतं तेच सांगितलं मी."

"कळलं असतं तरी फार काही करता आलं असतं असं नाही," ते म्हणाले. भला माणूस.

फोन ठेवल्यावर आत्या बोलली. "ह्यातलं अक्षर कोणाला सांगायचं नाही."

"उद्या टाकी ओतणार आहेत, आत्या."

"ओतू दे."

"हर्षालीवर येईल सगळं."

"तिला मी बघून घेईन. दुसरीकडे नोकरी लागेल, मी शब्द टाकीन." तिचा आवाज पहिल्यांदाच डगमगला. "आपल्या वस्तीत काय म्हणतील? विहारात? प्राध्यापक साहेब दारू पिऊन गेले. हेच म्हणतील, एवढंच म्हणतील. औषध, पेस्ट, कोण ऐकून घेतंय. आमच्या बापाने हातभट्टीचे हंडे फोडले होते, रोहिणी. पोरं उपाशी राहिली तरी चालतील पण घरात हे नको म्हणून. तो गेला तेव्हा दादाच्या हातात हात देऊन गेला. आणि दादाने..." तिने खिडकीची काच खाली केली. "ह्या वयात. कशासाठी?"

मी व्हिडिओतला तो चेहरा आठवत होते. पहिला घोट थुंकल्यानंतरचा, दुसरा घेण्याआधीचा. मी त्यांना पुस्तक वाचताना असं पाहिलं होतं. एखादं वाक्य फार आवडलं की ते पान उलटायचे नाहीत.

"त्यांना ती पूर्ण हवी होती," मी म्हटलं. "जिभेपुरती नको होती."

आत्याने काच पुन्हा वर केली.

सोमवारी सकाळी मी तयार होऊन बाहेर आले तेव्हा ती पांढरी साडी नेसून गाडीत बसली होती. तिने फक्त म्हटलं, "सावकाश चालव. तू वळणावर ब्रेक उशिरा मारतेस."

टाकीच्या शेडपाशी पंचवीस-तीस माणसं असतील. मळ्यावरच्या बाया, गडी, गावातले चार-दोन, आणि मुंबईच्या मंडळातले काही जण मुद्दाम आलेले. टाकीच्या तोटीला पाइप जोडून त्याचं दुसरं टोक नाल्यात सोडलं होतं. कोंडाजी सगळ्यांच्या मागे उभे होते. हर्षाली तोटीशी उभी होती, कारण तोटी उघडायचं काम तिलाच दिलं होतं.

योगेशनी माझ्याकडे पाहिलं. काल रात्री त्यांनी फोन करून सांगितलं होतं, ताई, खरं काय ते मला माहीत आहे, पण बोलायचं की नाही ते तुमच्या घरचं आहे. मी तोंड उघडणार नाही. तुम्ही गप्प राहिलात तर मला ओतावीच लागेल.

ते लोकांना म्हणाले, "सर आपल्याला सोडून गेले. त्यांच्या जाण्याबद्दल बरंच बोललं गेलं. कोणाच्या मनात शंका राहू नये म्हणून..."

"शंका काय," गर्दीतून एक गावकरी म्हणाला, "म्हातारं माणूस नुसतं चाखून मेलं. पेलं असतं तर काय झालं असतं?"

दोघे-तिघे हसले. मंडळातल्या एका बाईंनी विचारलं, "पण वाइनमध्ये नेमकं होतं काय?"

हर्षालीने तोटीवर हात ठेवला.

"काही नव्हतं," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच परका वाटला. मी पुढे गेले. आधी पेस्टबद्दल सांगितलं, आप्पांच्या नखांबद्दल, भागीबाईला दिलेल्या मोज्यांबद्दल. भागीबाईने तोंडावर पदर घेतला. त्या दिवशी कुठलीही वाइन, कुठलीही दारू त्यांना तेवढीच घातक ठरली असती, हे सांगितलं. ह्या बाटलीतली उरलेली हर्षालीने एकटीने संपवली आणि ती तुमच्यासमोर उभी आहे, हेही. कोंडाजींनी त्यांना सावध केलं होतं. भांडं काढलं होतं तरी ते थुंकू शकत होते, आणि एकदा थुंकलेही. ह्या तिघांपैकी कोणाचाही ह्यात दोष नाही.

"पण सर तर पीत नव्हते," तोच गावकरी म्हणाला. आता तो हसत नव्हता. "पेस्ट बाधायला प्यायला लागतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. आत्या माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि तिने तो तिथेच ठेवला.

आमच्या घरात हे वाक्य कोणी कधी उच्चारलं नव्हतं. आजोबांबद्दल नाही, आप्पांबद्दल नाही, कोणाबद्दलच नाही. मी ते मनातही धड म्हणून पाहिलं नव्हतं.

"माझे वडील प्यायले," मी म्हटलं. "धोका माहीत असून प्यायले. एक घोट घेतला आणि मग स्वतः ग्लास पुढे केला. वाइन चांगली झाली होती."